जुन्या युनिव्हर्सल रिमोटचं सॉफ्टवेअर कुठे मिळेल?

मावसभावाने अमेरिकेतून आणलेला रिमोट, त्याची सीडी हरवलेली आणि नागपुरात तो प्रोग्राम कसा करायचा, असा तुमचा प्रश्न. बर्डीच्या बाजारात सीडी शोधत फिरू नका, उन्हात घामच गळेल. आधी मॉडेल नंबर बघा, कारण सगळं त्यावरच अवलंबून आहे.

वन फॉर ऑल ब्रँडचा असेल तर सेल काढून आतला कप्पा नीट पाहा. तिथे सहा पिना किंवा नुसती सहा भोकं दिसली तर नशीब जोरावर आहे. याला जेपी-१ जोडणी म्हणतात. यासाठी हौशी लोकांनी केलेलं रिमोटमास्टर हे सॉफ्टवेअर सोर्सफोर्ज या वेबसाइटवर फुकट मिळतं. ते जावा या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर चालतं, म्हणून आधी कॉम्प्युटरवर जावा टाका. केबल मात्र खास जेपी-१ची लागते, मोबाइलची चालणार नाही. पहिल्यांदा रिमोटमधला मूळ डेटा उतरवून जपून ठेवा, मगच बटणांना हात लावा. ही पायरी लोक हमखास गाळतात आणि मग रडतात.

फिलिप्स प्रोंटो असेल तर प्रोंटोएडिट हे सॉफ्टवेअर शोधा. ते इंटरनेटशिवायही चालतं. पहिल्या पिढीचे प्रोंटो सीरियल केबलने जोडतात, त्यामुळे आजच्या लॅपटॉपला यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर लागेल. तो बर्डीवर विचारून बघा.

लॉजिटेक कंपनीच्या हार्मनी रिमोटचं गणित वेगळं. लॉजिटेकने २०२१मध्ये त्यांचं उत्पादन थांबवलं, आणि कोणतं बटण काय करेल ही मांडणी कंपनीच्या सर्व्हरवर तयार होते. म्हणजे नुसतं सॉफ्टवेअर मिळून भागत नाही, खातंही लागतं.

मॉडेल नंबर लिहा, मग पुढचं सांगतो.