यूएसबीवर लावलं की आवाज फाटतो, ते बेंडमुळे नाही

तुझा प्रॉब्लेम मला कळला तो असा: तीन पेन्सिल सेलवर चालणारा खेळण्यातला कीबोर्ड बेंड केलास (म्हणजे विचित्र आवाज काढायला आतल्या सर्किटच्या जागा मुद्दाम एकमेकांना जोडल्यास), स्पीकरच्या दोन वायरींवरून जॅक काढून ऑडिओ इंटरफेसला (लॅपटॉपमध्ये आवाज घेणाऱ्या डब्याला) दिलास, सेलवर बरा वाजतो पण सेल काढून लॅपटॉपच्या यूएसबीवरून 5 व्होल्ट दिले की आवाज फाटतो, किर्रर्र येते आणि आतली चिप तापते. आधी ती यूएसबी काढ. आणि बेंड सोडवत बसू नकोस, त्यांचा काही संबंध नाही.

घोळ जॅकच्या ग्राउंडचा, म्हणजे मायनसला जोडलेल्या टोकाचा आहे. खेळण्यात स्पीकरची एक वायर ग्राउंडच असेल असं अजिबात धरून चालू नको, बऱ्याचदा आतला अ‍ॅम्प्लिफायर ब्रिज प्रकारचा असतो, म्हणजे एक वायर वर जाते तेव्हा दुसरी खाली येते आणि गप्प असतानासुद्धा दोन्हींवर साधारण अर्धा सप्लाय उभा असतो. सेलवर अख्खा कीबोर्ड अधांतरी असतो म्हणून निभावतं. पण इंटरफेसही त्याच लॅपटॉपला लावलेला, मग अ‍ॅम्पचं एक टोक जॅकमधून सरळ यूएसबीच्या ग्राउंडला शॉर्ट. माझा पहिला कीबोर्ड मी असाच घालवला, चिपवर बोट ठेवलं तर चटका बसला आणि मग परत कधी वाजलाच नाही, फार जिवाला लागलं होतं.

खात्री करायची तर सेल घाल, कीबोर्ड चालू करून काही वाजवू नको, मल्टिमीटरची काळी पिन सेलच्या मायनसला आणि लाल आळीपाळीने स्पीकरच्या दोन्ही वायरींना लाव. दोन्हीकडे सव्वादोन व्होल्टच्या आसपास आले की ब्रिजच. काही जुन्या खेळण्यांत एक वायर सरळ प्लसला असते, तीही जॅकच्या ग्राउंडला लावायची नाही.

उपाय म्हणजे 600:600 ओहमचा छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर, त्यातून आवाज पलीकडे जातो पण दोन बाजू वायरीने जोडलेल्या नसतात. मुंबईत असशील तर लॅमिंग्टन रोडला विचार, नाहीतर जुनं डायल-अप मोडेम कार्ड फोड, त्यावर बहुतेक सापडतो. बेस जरा कमी देतो पण या खेळण्यांत बेस असतो कुठे? स्पीकरच्या एका वायरीतून 10 मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर, त्याच्यापुढे 1 किलोओहमचा रेझिस्टर, मग 100 ओहमचा रेझिस्टर दुसऱ्या वायरीला. त्या 100 ओहमच्या दोन टोकांना ट्रान्सफॉर्मरची एक बाजू, दुसरी बाजू जॅकला. लेव्हल साधारण अकरा पटीने उतरते, लाइन इनपुटला तेवढंच हवं. कीबोर्डचं ग्राउंड जॅकला कुठेही लागता कामा नये, हे सोल्डर करून झालं की मीटरच्या बीपवर परत तपासच.

तरीही वरचा चिरका आवाज राहिला तर तो चिपचा स्विचिंगचा असतो, जॅकच्या आधी 1 किलोओहम सिरीजमध्ये आणि 22 नॅनोफॅरडचा कपॅसिटर जॅकच्या दोन टांगांत टाक, साधारण 7 किलोहर्ट्झच्या वरचं उतरायला लागतं. मला स्वतःला ती खरखर थोडी आवडते, त्यामुळे मी 10 नॅनोच ठेवतो.

व्हॉल्यूमच्या पॉटवरूनही (फिरवायच्या बटणामागचा रेझिस्टर) सिग्नल काढता येतो, बरेच जण तेच सांगतील. पण बेंड मारताना तिथे कधी कधी जोरात डीसी (एकाच दिशेचा स्थिर व्होल्टेज) येतो आणि तो तुझ्या इंटरफेसवर जावा असं मला वाटत नाही. ट्रान्सफॉर्मर त्याला अडवतो. मीटरचे दोन्ही आकडे सांग, मग यूएसबी परत लावायची का ते बघू.