रेंजफाइंडर : एक बॉडी की दोन?

प्रश्न : बाबांचा कॅनोनेट क्यूएल १७ जी-३ हा रेंजफाइंडर, म्हणजे लेन्सऐवजी वेगळ्या खिडकीतून पाहायचा फिल्म कॅमेरा, माझ्याकडे आहे. बाजारात, जत्रेत आणि आषाढी वारीची पालखी दिवेघाट चढते तेव्हा मी त्यावरच फोटो काढते, जास्त करून कृष्णधवल. माणूस आणि त्याच्या मागचं सगळं एका चौकटीत यावं असं मला वाटतं, त्यासाठी कॅनोनेटची ४० मिमी लेन्सही कधी कधी अपुरी पडते. आता लेन्स बदलता येणारा रेंजफाइंडर घ्यायचा आहे. फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यांचे फोटो पाहिल्यापासून मनात लायका एम ३ आहे. एक मित्र म्हणतो, एका लायकाच्या पैशात दोन बेसा (जपानी रेंजफाइंडर) घे, एकात रंगीत रोल ठेव. मी चष्मा लावते. काय करू?
– एक वाचिका, सासवड

उत्तर : तुमच्या पत्रातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य कॅमेऱ्याबद्दलचं नाही. ४० मिमी अपुरी पडते, हे ते वाक्य. म्हणजे तुम्ही ३५ मिमीने बघणाऱ्या आहात, आणि बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, तिथूनच ठरवायची.

एसएलआरमध्ये आपण लेन्समधूनच पाहतो, त्यामुळे कोणतीही लेन्स लावली तरी बॉडीची हरकत नसते. रेंजफाइंडरची खिडकी मात्र लेन्सपासून वेगळी असते, आणि तिच्या मधल्या छोट्या पॅचमध्ये दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचा असतो. लेन्स बदलली तरी खिडकीतलं दृश्य तेवढंच राहतं, त्यावरची पांढरी चौकट तेवढी बदलते. म्हणून रेंजफाइंडर विकत घेताना आपण मुख्यतः ती खिडकी विकत घेत असतो.

एम ३ ची खिडकी मी आजवर पाहिलेली सर्वांत सुंदर खिडकी आहे. १९५४ साली जर्मनीतल्या वेट्झलारहून आलेल्या या कॅमेऱ्यातून वस्तू जवळजवळ डोळ्याला दिसतात तेवढ्याच दिसतात, सुमारे ०.९ पट. पण त्यात चौकटी आहेत ५०, ९० आणि १३५ च्या. ३५ ची चौकटच नाही. कार्तिए-ब्रेसाँ बहुतेक काम ५० वर करायचे, त्यांना ती खिडकी शोभणारी होती. तुम्हाला ३५ साठी वर वेगळा व्ह्यूफाइंडर बसवावा लागेल, किंवा लायकाने एम ३ साठी काढलेली ‘चष्मेवाली’ ३५ शोधावी लागेल. ती लेन्स चांगली आहे, पण समोरच्या भिंगांमुळे बोजड होते, आणि पालखीच्या गर्दीत हा भार नको.

तुमच्यासाठी एम २. तो एम ३ नंतर थोड्याच वर्षांनी आला. त्याची खिडकी ०.७२ पटीची, चौकटी ३५, ५० आणि ९० च्या, आणि एका वेळी एकच दिसते. चष्म्यातून ३५ ची पूर्ण चौकट पाहायला डोळा थोडा दाबावा लागतो, पण दिसते. मी स्वतः चष्मा लावून वर्षानुवर्षं हाच कॅमेरा वापरतो आहे. एक काम पहिल्याच दिवशी करा : एम २ च्या आयपीसची कड धातूची आहे, ती चष्म्याच्या काचेवर चरे पाडते. तिच्यावर रबराची पातळ रिंग चिकटवून घ्या.

एम ६ बद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण दुकानदार तोच दाखवतील. १९८४ चा हा कॅमेरा उत्तम आहे, आत उजेड मोजणारा मीटर आहे, आणि सेल संपला तर मीटरच बंद पडतो, शटर चालूच राहतं. मात्र त्यात चौकटी जोडीने दिसतात : २८ बरोबर ९०, ३५ बरोबर १३५, ५० बरोबर ७५. मला ती गर्दी आवडत नाही. शिवाय तो बहुधा एम २ पेक्षा महागच पडतो. त्या फरकाच्या पैशात एक चांगली ३५ एफ २ (एफचा आकडा जितका लहान तितका जास्त उजेड आत येतो) घेता येत असेल तर लेन्स घ्या. मीटरची भीती बाळगू नका. ४०० च्या रोलवर भर ढगाळ दिवशी एफ ५.६ ला १/५०० ने सुरुवात करा, आभाळ आणखी दाटलं की ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एक-दोन स्टॉप (दर स्टॉपला दुप्पट उजेड) उघडा. कृष्णधवल निगेटिव्ह थोडी चूक पोटात घेते. गर्दीत फोकस जुळवत बसू नका. ३५ मिमी, एफ ८, अंतर तीन मीटर ठेवलं की साधारण दोन ते सात मीटरमधलं सगळं स्पष्ट येतं. वारकरी समोरून येतो तेव्हा डोळा माणसावर असावा, पॅचवर नव्हे.

बेसाबद्दल तुमच्या मित्राचं म्हणणं चुकीचं नाही. जपानच्या कोसिना कंपनीने बनवलेल्या या बॉडींची खिडकी लखलखीत आहे, शटर १/२००० पर्यंत जातं आणि मीटर आहे. मग अडचण कुठे? रेंजफाइंडरच्या दोन खिडक्यांमधलं अंतर लायकात सुमारे ६९ मिमी, बेसात ३७. अंतर जितकं कमी तितका फोकस कमी नेमका. ३५ एफ २ ला फरक जाणवणार नाही, ९० एफ २ ला नक्की जाणवेल. आर २ए, आर ३ए ही मॉडेलं सेलशिवाय चालत नाहीत, आर २एम, आर ३एम चालतात. शटरचा आवाजही मोठा आहे. हरिपाठ चालू असताना मला तो आवाज नको असतो.

आता एक की दोन. माझं स्पष्ट मत : एक घ्या, कारण दुसरी बॉडी तुमच्याकडे आहेच. कॅनोनेटला अडगळीत टाकू नका. त्यात रंगीत रोल घाला. ४० मिमी एफ १.७ ची ती लेन्स संध्याकाळच्या तळावर, पालांमधल्या दिव्यांत फार छान चालते, आणि लेन्समधलं पानांचं शटर इतकं हळू वाजतं की शेजारी बसलेल्याला कळत नाही. त्याचा मीटर १.३५ व्होल्टच्या मर्क्युरी सेलसाठी आहे, तो सेल आता मिळत नाही. १.५ व्होल्टचा साधा सेल घातला तर मीटर चुकतो. श्रवणयंत्राचे ६७५ नंबरचे झिंक-एअर सेल आणा, व्होल्टेज जवळचं आहे, फक्त आकाराने लहान म्हणून भोवती रिंग लागते. मीटर अगदीच मेला तरी मॅन्युअलवर शटर चालतं. मागच्या दाराच्या खाचेतला काळा फोम हाताला चिकट लागत असेल तर बदलून घ्या, नाहीतर रोलवर उजेडाचे पट्टे येतील.

दोन सारख्या बॉडी कधी घ्याव्यात? लग्नाचं किंवा पैसे घेऊन केलेलं काम असेल तर. तिथे बंद पडलेल्या कॅमेऱ्याला सबब नसते, आणि दोन्ही हातांना सारखीच सवय हवी. तुमचं काम तसं नाही. वाचलेला पैसा एम २ च्या सर्व्हिसिंगसाठी वेगळा काढा. साठ वर्षांहून जुना कॅमेरा नीट साफ करून, तेल बदलून घेतल्याशिवाय दिवेघाटात नेऊ नका.

घेताना हे पाहा. सगळ्यात कमी स्पीडवर, म्हणजे एका सेकंदावर, कॅमेरा कानाशी धरून दाबा. आवाज मध्येच अडखळत असेल तर सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतून कमी करायला सांगा. लेन्स काढा, तळाची प्लेट काढून मागची झडप उघडा, आणि शटरचा पडदा दिव्यासमोर धरून सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतात का पाहा. रेंजफाइंडरला आरसा नसतो. लेन्सवर झाकण न ठेवता कॅमेरा उन्हात गळ्यात लटकला तर सूर्य कापडी पडदा जाळतो. भोकं तशीच पडतात. नंतर इन्फिनिटीवर लेन्स ठेवून दूरचा मनोरा पाहा. दोन प्रतिमा एकावर एक बसल्या पाहिजेत, आडव्या दिशेने आणि उभ्या दिशेनेही. एम ३ बघायचा मोह झालाच तर खिडकी काळवंडलेली नाही ना हे आधी पाहा. धक्का बसला की आतल्या प्रिझमचा जोड सुटतो, आणि ती दुरुस्ती महागात पडते.

पाऊस यातल्या एकालाही चालत नाही. प्लास्टिकची पिशवी, कोरडा रुमाल आणि घरी आल्यावर सिलिका जेल घातलेला घट्ट झाकणाचा डबा. चामड्याच्या केसमध्ये पावसाळाभर ठेवलात तर लेन्सला बुरशी धरेल.

प्रश्न : विद्यार्थी आहे, बजेट कमी. जुन्या बाजारात याशिका इलेक्ट्रो ३५ मिळतोय. पहिला रेंजफाइंडर म्हणून घेऊ का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : घ्या, पण रोल पुढे ओढण्याचा खटका फिरवून बघा. फिरवताना आतून ‘टक’ असा आवाज आला पाहिजे. आला नाही तर आतला रबरी पॅड झिजलेला आहे आणि एक्सपोजर बिघडेल. सेल मुळात ५.६ व्होल्टचा होता, ६ व्होल्टचा अल्कलाइन अडॅप्टर लावून चालतो. शटर स्पीड कॅमेराच ठरवतो, तुम्ही फक्त ॲपर्चर निवडता, आणि सेल संपला तर उरतं फक्त १/५००. ४५ मिमी एफ १.७ ची लेन्स मात्र अशी आहे की तिच्यावर तुम्ही कित्येक वर्षं शिकू शकाल.