तुमचे प्रश्न: लिंबाची मलईवाली दारू, दूध न फाटता

प्रश्न: ताई, राम राम. आमची बाळापूर तालुक्यात लिंबाची बाग हाय. भाच्याच्या लग्नाले पुण्याले गेलतो, तिथं हॉटेलात जेवण झाल्यावर एवढ्याशा ग्लासात पिवळं, घट्ट, थंडगार काहीतरी देलं, लिंबाचा वास आन् चव गोड, मले वाटलं आईसक्रीमच पातळ करून देलं पण व्हती ती दारू. पोरानं मोबाईलवर पाहून सांगतलं का इटलीची हाय अन् घरी बी होते. मंग आम्ही वोडका आणली, लिंबाचा रस पिळला, दूध-साखर टाकली तर सगळं फाटून पनीर झालं. घरचे अजून हसून रायले. लिंबं कट्ट्यानं पडले हायत, बरोबर रीत सांगा.

उत्तर: भाऊ, राम राम. यात रस घालतच नाहीत, एक थेंब पण नाही, आणि तुमचा सगळा घोळ तिथंच झालाय. तुम्ही प्यायलात ती क्रेमा दी लिमोनचेल्लो, दक्षिण इटलीत कॅम्पानिया म्हणून भाग आहे तिथली, सोरेंतो आणि अमाल्फीच्या किनाऱ्यावर लिंबाच्या बागाच बागा आहेत. साधी लिमोनचेल्लो म्हणजे लिंबाची साल कडक स्पिरिटमध्ये मुरवायची आणि वरून साखरेचा पाक घालायचा, आणि मलईवालीत पाकाच्या जागी दूध, क्रीम आणि साखर. दोन्हीत वास येतो तो सालीच्या तेलाचा. ताज्या लिंबाची साल पेटत्या काडीजवळ धरून दाबून बघा, फुस्स करून ठिणग्या उडतात, तेच ते तेल. हे तेल पाण्यात विरघळत नाही पण दारूत विरघळतं, म्हणून साल आधी दारूत मुरवायची आणि दूध सगळ्यात शेवटी. रसाचं म्हणाल तर दुधातलं केसीन नावाचं प्रथिन ४.६ पीएचला आलं की गोळा होतंच (पीएच जितका कमी तितकं आंबट) आणि लिंबाचा रस त्याच्या कितीतरी खाली असतो, म्हणजे पनीर होणारच होतं, त्यात वोडकाचा काही गुन्हा नाही.

आता साल घ्यायची म्हटलं की बागवाल्याला पहिला प्रश्न फवारणीचा. नागअळी आणि सायला या किडींसाठी तुम्ही जे औषध मारता ते बसतं सालीवरच, आणि आपण नेमकी तीच साल पंधरा दिवस दारूत भिजत ठेवणार, म्हणजे लिंबाच्या तेलासोबत औषध पण उतरणार. त्यामुळे कट्ट्यातली लिंबं घेऊ नका. घरामागं, विहिरीपाशी, गोठ्यापाशी एखादं झाड असतंच ज्याला कोणी पंप लावत नाही, त्याची घ्या. पिवळी झालेली पण टणक, कोमट पाण्यात हातानं चोळून धुतलेली आणि कोरडी पुसलेली.

आपलं कागदी लिंबू इटलीच्या लिंबापेक्षा वेगळ्या जातीचं आहे हे पण ध्यानात ठेवा. त्यांचं मोठं, जाड सालीचं, आपलं बारीक आणि साल नावासारखीच कागद. चव थोडी तिखट, कडक येते, पुण्यात प्यायलात तशी हुबेहूब येणार नाही, मला तर आपली जास्त आवडते. पण सोलायला त्रास आहे. बारीक किसणी घ्या आणि हलक्या हातानं फक्त वरचा रंग किसा, पांढरं दिसलं की लिंबू फिरवा. पांढरा भाग आणि बी कडू असते, आणि तो कडूपणा लगेच कळत नाही, मुरल्यावर वर येतो, मग कितीही साखर घाला, जात नाही.

७५० मिलीच्या वोडकाच्या खंब्याला वीस-पंचवीस कागदी लिंबांची साल पुरते. बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं ते बघून घ्या, त्याच्यापेक्षा हलकी घेऊ नका. इटलीत ९५ टक्क्यांचं खायचं स्पिरिट दुकानात मिळतं, आपल्याकडे नाही मिळत, म्हणून आपल्याला जरा जास्त दिवस मुरवावं लागतं. मेडिकलमधलं स्पिरिट, सॅनिटायझर, रंगवाल्याचं स्पिरिट यातलं काहीही चालत नाही, कोणी कितीही सांगितलं तरी नाही, ते विष आहे. काचेच्या बरणीत साल आणि वोडका घालून झाकण घट्ट लावा, कोठीत अंधारात ठेवा, येता-जाता हलवा. दहा-पंधरा दिवसांत साल फिकी पडते आणि दारू पिवळी-हिरवी होते, मग मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळा. फडकं पिळू नका, गाळ येतो.

दुधाचं. तुमच्या गावच्या दूध संकलन केंद्रावर कधी पाहिलं असेल, दुधाच्या नमुन्यात तेवढंच अल्कोहोल टाकून नळी हलवतात आणि काचेला कण चिकटले की ते दूध बाजूला काढतात, कारण आंबायला लागलेलं दूध अल्कोहोल सहन करत नाही. हीच तपासणी घरी करायची. तापवून गार केलेलं दूध दोन चमचे आणि मुरवलेली वोडका दोन चमचे, काचेच्या वाटीत एकत्र करून वाटी तिरपी करायची. काचेवरून दूध सरळ ओघळलं तर ठीक, बारीक रव्यासारखे कण मागं राहिले तर त्या दुधाचा चहा करा आणि उद्याच्या दुधानं बघा. सकाळचं दूध घ्या, संध्याकाळपर्यंत ठेवलेलं नको, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर नकोच.

७५० मिली दूध ४०० ग्रॅम साखर घालून उकळा, पूर्ण गार करा, साय काढून टाका, म्हशीचं असेल तर नक्की काढा नाहीतर ग्लासात सायीचे पापुद्रे येतात. मग २५० मिली डब्यातलं फ्रेश क्रीम मिसळा आणि सगळं फ्रीजमध्ये चांगलं गार होऊ द्या. गाळलेली वोडका पण गारच. आता वोडका दुधात घालायची, बारीक धारेनं, एका हातानं हलवत. दूध वोडकात ओतलं तर पहिल्या धारेला एकदम कडक दारू लागते आणि ती तिथंच फाटते. दूध गरम असताना तर घाई करूच नका. एवढ्यात साधारण दोन लिटर होते, बाटल्या आधी उकळत्या पाण्यानं धुऊन वाळवून ठेवा. दोन दिवस फ्रीजमध्ये बसू दिली की स्पिरिटचा चटका कमी होतो.

हिशोब करून सांगते, ७५० मिलीत ४२.८ टक्के म्हणजे ३२१ मिली अल्कोहोल, ते दोन लिटरमध्ये पसरलं म्हणजे १६ टक्क्यांच्या आसपास, बियरच्या दुप्पट-तिप्पट. गोड लागते म्हणून पाव्हणे ग्लासावर ग्लास मागतात, तुम्ही चहाच्या कटिंगच्या निम्मीच द्या. आणि बाटलीवर मार्करनं मोठ्या अक्षरात लिहा, कारण फ्रीजमध्ये ती बदाम शेक दिसते आणि घरात लेकरं असतात.

उरलेल्या रसाचं विचारलं नाहीत तरी सांगते, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, एप्रिल-मे मध्ये लिंबू महाग झालं की सरबताला काढा.

प्रश्न: ताई मी केली, जमली पण, पण आठ दिवसांनी बाटलीच्या गळ्यात पांढरा घट्ट थर जमला, फेकू का? आणि किती दिवस टिकते? आमच्याकडे लाईट जाते खूप. (दर्यापूरहून)

उत्तर: फेकू नका आधी, झाकण लावून जोरात हलवा. नुसतं फॅट वर आलं असेल तर मिसळून जातं, क्रीम जास्त असलं की येतंच. हलवूनही गुठळ्या तशाच राहिल्या, खाली पाणी वेगळं दिसलं किंवा आंबट वास आला तर मोरीत ओता, चाखून बघू नका. महिनाभरात संपवा. दारू आहे म्हणून टिकेल असं धरू नका, १६ टक्क्यात दूध वर्षभर सांभाळलं जात नाही. लाईट सारखी जात असेल तर मुरवलेली वोडका तशीच बरणीत ठेवा, ती बाहेर कितीही दिवस राहते, आणि पाव्हणे यायचे असले की दोन दिवस आधी लागेल तेवढ्याच दुधात करा.

प्रश्न: लिंबाऐवजी संत्र्याची होईल का? वरूडला राहून लिंबू विकत आणायचं म्हणजे लाज वाटते.

उत्तर: होते की, आणि झकास होते. संत्र्याची दारू म्हटलं की आपल्याकडे देशीची बाटली आठवते, तो भाग सोडून द्या. नागपुरी संत्र्याची साल ढिली असते, किसणीवर दबते आणि हात कापतो, म्हणून फळ रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून टणक करा, किंवा साल हातानं सोलून आतला पांढरा भाग चमच्यानं खरवडून टाका आणि साल जाड तुकड्यातच मुरवा. खंब्याला बारा-पंधरा फळं घ्या. आंबिया बहाराची नोव्हेंबर-डिसेंबरमधली घ्या, बागेतूनच, बाजारातली चकचकीत नको, तिच्यावर मेण चढवलेलं असू शकतं. साखर ५० ग्रॅम कमी करा. फवारणीचं वर लिहिलंय ते तुम्हाला पण लागू.

प्रश्न: आमच्याकडे मोहाची घरगुती मिळते, एकदम कडक, वोडकापेक्षा स्वस्त. तिच्यात साल मुरवली तर? (गोंदिया जिल्हा)

उत्तर: नको. ती किती टक्क्यांची आहे हे काढणाऱ्यालाही माहीत नसतं, त्यामुळे दुधाचं प्रमाण बसत नाही, आणि मोहाचा वास एवढा मोठा की लिंबू त्यात सापडत नाही. हे झालं चवीचं. हातभट्टी काढणं आणि घेणं गुन्हा आहेच, त्याहून मोठी भीती भेसळीची. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला मिथेनॉलवाली दारू पिऊन शंभराच्या वर माणसं गेली. मिथेनॉल वासानं ओळखू येत नाही, आधी डोळे जातात. सीलबंद बाटली, सरकारमान्य दुकान, दुसरं काही नाही.

प्रश्न: आम्ही वर्धा जिल्ह्यातले, तुमचं हे सगळं वाचून फक्त तोंडाला पाणी आणायचं का?

उत्तर: अहो नाही. वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे, तेव्हा नागपुरातून गुपचूप बाटली आणायचा सल्ला मी देणार नाही, पण दारूशिवाय पण सालीचं तेल काढता येतं. दहा लिंबांची साल वरच्यासारखीच किसा, २०० ग्रॅम साखरेत घालून हातानं चांगली चुरा, झाकून रात्रभर ठेवा. सकाळी साखर ओली, पिवळसर आणि इतकी सुवासिक होते की डबा उघडला की ओसरीपर्यंत वास जातो. ती लिटरभर तापवून गार केलेल्या दुधात विरघळवा, गाळा, थोडं क्रीम घाला, खूप थंड करा. रस नाही म्हणून फाटायचा प्रश्नच नाही. लेकरांनाही देता येते, खरं सांगायचं तर आमच्या घरी हीच आधी संपते.

प्रश्न: आमच्या बचत गटाला ही मलईवाली दारू करून प्रदर्शनात विकता येईल का?

उत्तर: नाही ताई. १९४९ च्या दारूबंदी कायद्यात दारू गाळणंच काय, तयार दारूला स्वाद देणं, रंग देणं, मिसळणं हे सुद्धा दारू बनवण्यातच धरलेलं आहे, त्याला राज्य उत्पादन शुल्क विभागाचं लायसन लागतं आणि ते बचत गटाच्या आवाक्यातलं काम नाही. वर लिहिलंय ते सुद्धा घरातल्या घरात, चार मोठ्या माणसांपुरतं समजा, आणि आपल्या राज्यात वोडकासारखी दारू घ्यायला-प्यायला वय २५ पूर्ण आणि परवाना लागतो. काही विकायचंच असेल तर वर वर्ध्यासाठी सांगितलेली सालीची साखर विका, शंभर-शंभर ग्रॅमच्या काचेच्या बरण्यांत, वर कशी वापरायची ते लिहून. अन्न परवान्याची साधी नोंदणी करावी लागेल, लोणच्यासाठी आधीच केली असेल तर त्यातच हा पदार्थ वाढवून घ्या. आणि फवारणी न केलेल्या झाडाची साल, हे लेबलवर लिहायचं असेल तर झाड खरंच तसं असू द्या.