अनोळखी बायनरी (तयार प्रोग्रॅमची फाइल) न चालवता नुसती ‘स्ट्रिंग्स’ कमांडने, म्हणजे फाइलमधला वाचता येणारा मजकूर छापणाऱ्या कमांडने पाहिली, तर काही धोका असतो का?

असतो. ‘चालवत नाहीये, नुसती बघतोय’ हे तुमच्या प्रश्नातलं वाक्य मी २०१४ साली आमच्या टीम लीडच्या तोंडून ऐकलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तेव्हा मी पुण्यात एम्बेडेडचं, म्हणजे उपकरणांच्या आतल्या सॉफ्टवेअरचं काम करायचो. व्हेंडरने मेलवर एक ऑब्जेक्ट फाइल (कंपाइल झालेल्या कोडचा तुकडा) पाठवली होती. तिच्यात व्हर्जन कुठलं आहे एवढंच बघायचं होतं. लीडने बिल्ड सर्व्हरवर स्ट्रिंग्स मारली आणि एकच ओळ आली: सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे मेमरीत भलतीकडे हात घालून प्रोग्रॅमच पडला. ते म्हणाले, "फाइल खराब आलीय, परत मागव." मला पटेना. अक्षरं शोधून छापणारा प्रोग्रॅम, फाइल खराब म्हणून तो का पडावा? त्या रात्री थांबून जीडीबी हा डीबगर लावला. बॅकट्रेसमध्ये, म्हणजे पडताना चालू असलेल्या फंक्शनच्या यादीत, वरच्या सगळ्या फ्रेम लिबबीएफडी या बायनरी फाइली वाचणाऱ्या लायब्ररीच्या!

त्या काळची जीएनयू स्ट्रिंग्स ओळखीचा फॉरमॅट दिसला की लिबबीएफडीकडून आधी फाइलचे सेक्शन (आतले विभाग) उलगडून घ्यायची आणि मेमरीत लोड होणाऱ्या डेटातल्याच स्ट्रिंग छापायची. म्हणजे मधे ईएलएफ या लिनक्सच्या बायनरी फॉरमॅटची रचना वाचणारा अख्खा पार्सर, तोही मेमरीच्या चुका सहज होणाऱ्या सी मध्ये लिहिलेला.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुरक्षा संशोधक मिखाऊ झालेव्स्की यांनी जाहीरच सांगितलं, परक्या फाइलवर स्ट्रिंग्स चालवू नका. त्या बगचा जाहीर नोंद क्रमांक सीव्हीई-२०१४-८४८५. सेक्शन ग्रुपचं हेडर मुद्दाम बिघडवलं की ‘सेटअप_ग्रुप’ या फंक्शनमध्ये मेमरीची वाट लागायची. प्रोग्रॅम पडायचा, आणि हल्लेखोराचा कोड चालण्याचीही शक्यता होती.

मी ते लीडला दाखवलं. "आपल्याला कोण हॅक करायला बसलंय?" हे उत्तर मिळालं. लीड सर्व्हरवर रूटने, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याने लॉगिन होते आणि फर्मवेअर (उपकरणातलं सॉफ्टवेअर) साइन करायची गुप्त ‘की’ त्याच मशीनवर होती! यावरून आमचं जे वाजलं ते मी नोकरी सोडेपर्यंत मिटलं नाही.

तुमच्यापुरतं सांगायचं तर जुन्या मशीनवर ‘-ए’ देऊन चालवा. मग ती सेक्शनच्या भानगडीत न पडता सरळ सगळे बाइट वाचते. पुढे बायनयुटिल्सने (स्ट्रिंग्स ज्यात येते त्या जीएनयूच्या संचाने) तोच डीफॉल्ट केला. पण त्याच संचातल्या ऑबजडंप, एनएम यांचं कामच फाइल उलगडण्याचं, तिथे ही सोय नाही. त्यांच्यासाठी नेटवर्क तोडलेला व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) आणि साधा युजर. यातल्या कुठल्याही प्रोग्रॅमला वाढीव अधिकार लागत नाहीत, हे बायनयुटिल्सच्या सुरक्षा धोरणातच लिहिलंय.

एक राहिलं. आमच्या फाइलमध्ये कुणी मुद्दाम काही घातलं होतं किंवा तोच बग लागला होता, असा माझा दावा नाही. मेलमध्ये ती अर्धवट आली असावी, कारण दुसऱ्यांदा मागवलेली नीट उघडली. तरी ती रूटने उघडायची नव्हती, हे मी आजही म्हणतो.