कसाऱ्याला गाडी थांबलीये, फोटो काढू का?

प्रश्न : आम्ही दर सुट्टीत कुठे ना कुठे जातो. मिस्टर देवळाचे, किल्ल्याचे, समुद्राचे फोटो काढतात आणि माझ्या फोनमध्ये निघतात ते कसाऱ्याला गाडी थांबलेली असते तेव्हाचे, धाब्यावरचे, एस्टी स्टँडच्या बाकड्यांचे. घरी दाखवायला घेतले की सगळे भराभर पुढे सरकवतात, मुलगी तर म्हणते मम्मी यात आहे काय. फोनची जागा संपत आलीये, डिलीट करून टाकू का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ताई, अजिबात नको. जागाच करायची असेल तर किल्ल्याचे उडवा, तसेच्या तसे फोटो नेटवर ढिगाने पडलेत (मिस्टरांना माझं नाव सांगू नका). पण मुलगीही अगदीच चुकीचं बोलत नाहीये बरं का. नुसता प्लॅटफॉर्म, नुसता बाकडा यात बघणाऱ्याला काही सापडत नाही, कारण तुम्ही तिथे बसून वाट बघितलीत ती फोटोत उतरलेली नसते. ती उतरवायची तर आधी गाडी इथे का थांबलीये ते बघायचं.

कसाऱ्याचंच घ्या. पुढे थळ घाट, चढ १:३७ चा, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर, म्हणून गाडीला मागून ढकलायला बँकर इंजिनं लावतात आणि ती इगतपुरीला सोडवतात. तुमचा डबा मागे असेल आणि तुम्ही प्लॅटफॉर्मवर उतरलाच असाल तर ते जोडणं दिसतं, शेवटचा हलकासा धक्काही जाणवतो. आणि तेवढ्या वेळात लोकांचं जे चालू असतं ना ते खरं बघण्यासारखं, कुणी बाटली भरायला नळावर पळतंय, कुणी पाय मोकळे करतोय पण एक डोळा सिग्नलवर, आणि खिडकीत बसलेली बायको गजातून हात बाहेर काढून नवऱ्याला सांगतेय की बास झालं, चढा आता. तुम्ही प्लॅटफॉर्म काढला, पुढच्या वेळी तो हात काढा. पुण्याच्या बाजूला कर्जतला असंच, बँकर लागेपर्यंत निम्मा डबा वडापावसाठी खाली. पण थांबा वेगळा, लोक वेगळे, म्हणून फोटोही वेगळा यायला पाहिजे, दोन्हीकडचे सारखेच आले तर समजायचं की आपण फक्त गाडी काढतोय.

कोकण रेल्वेवर तर चंगळ आहे. वीर स्टेशनच्या पुढे लाइन एकेरी, त्यामुळे समोरची गाडी जाईपर्यंत कुठल्याशा छोट्या स्टेशनात पडून राहायचं, गाडी सुटणार कधी ते कुणालाच नक्की माहीत नसतं आणि अनोळखी माणसं डबे उघडून एकमेकांना घावन नाहीतर चिवडा द्यायला लागतात. नशिबात असेल तर बाजूने रो-रो जाते, मालगाडीच्या सपाट वॅगनवर ओळीने चढवलेले ट्रक, कोलाड ते वेर्णा अशी ही सेवा १९९९ पासून चालू आहे, आणि ट्रकचा ड्रायव्हर आपल्या केबिनमध्येच निवांत बसलेला, स्टेअरिंग समोर आहे पण चालवायचं काहीच नाही! अशा माणसाचा चेहरा मिळाला तर मी तरी त्यासाठी चार सूर्यास्त सोडून देईन.

दुसरं म्हणजे या मधल्या गोष्टीच आधी जातात. किल्ला तीनशे वर्षं उभाच आहे, पण एस्टीच्या कंडक्टरची ती तिकिटांची पत्र्याची पेटी, रंगीबेरंगी गठ्ठे, पंचचा टकटक आवाज, यातलं आता काय राहिलंय, मशीन आलं आणि संपलं. इगतपुरीला विजेचा प्रकार बदलायचा म्हणून इंजिन बदलत आणि पब्लिक आरामात उतरून चहा घ्यायचं, तेही गेलं. तेव्हा हजारो लोकांनी तिथून प्रवास केला पण घरच्या अल्बममध्ये तसा एक फोटो शोधून दाखवा. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाचे खाडीपूल पुरे झाले की दाभोळ-धोपावे काय किंवा जयगड-तवसाळ काय, जंगलजेटीची, म्हणजे खाडीपार गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीची वाट बघत गाडीच्या बॉनेटला टेकून उभं राहणंही कमी होत जाणार. ते आत्ताच काढून ठेवा.

आणि एक, फोटो काढला की तिथल्या तिथे त्याला स्टेशनचं नाव, वेळ आणि एक ओळ लिहा, 'क्रॉसिंगला थांबलो, काकडी घेतली' एवढंही पुरे. सुटा फोटो दाखवू नका, निघाल्यापासून पोचेपर्यंतचे आठ-दहा ओळीने लावा, मग बघा मुलगी सरकवते का थांबते.

प्रश्न : मी सोलापूर-पुणे एस्टीने आणि कधी ट्रेनने ये-जा करतो. चालत्या गाडीतून काढलेले फोटो हलतात, काचेत माझंच तोंड दिसतं, आणि विजेचे खांब चक्क तिरपे येतात. फोन बदलू का? (कॉलेज विद्यार्थी)

उत्तर : फोन बदलू नकोस रे, पैसे ठेव. खांब तिरपे येतात कारण मोबाइलचा सेन्सर सगळं चित्र एका झटक्यात घेत नाही, वरून खाली एकेक ओळ वाचत जातो, आणि खालची ओळ वाचेपर्यंत जवळचा खांब पुढे सरकलेला असतो. महागड्या फोनलाही हे कमी-जास्त होतंच. लांबचं काढ, ज्वारीचं शेत, लांबची वस्ती, उजनीचं पाणी, ते कमी सरकतं म्हणून सरळ येतं. कॅमेऱ्यात प्रो मोड (शटरचा वेळ आपण ठरवायचा तो) असेल तर शटर १/१००० सेकंद ठेव, ऊन चांगलं असेल तर सहज जमतं. नाइट मोड गाडीत बंदच ठेव, तो बरेच फोटो घेऊन एकात एक मिसळतो आणि चालत्या गाडीत त्याची नुसती खिचडी होते.

काचेचं सोपं आहे. आतून पुसायची, फोन काचेला अगदी चिकटवायचा आणि भोवती गडद रुमाल नाहीतर जॅकेट धरायचं, आतला उजेड अडला की तोंड दिसायचं बंद. एसी डब्याच्या काचा दुहेरी, बाहेरचा मळ आपल्या हातात नाही, तिथे मग मळासकटच घ्यायचा. पावसात फोकस थेंबांवर जातो म्हणून लोक वैतागतात, मला उलट तेच आवडतं, थेंब स्पष्ट आणि मागे धूसर झालेला टोलनाका.

आणि खिडकी टाळायचीच कशाला? रघुबीर सिंग यांनी अॅम्बेसेडर गाडीतून देशभर फोटो काढले, त्यात गाडीचं दार, आरसा, काचेची चौकट मुद्दाम ठेवलेली असते आणि बाहेरचा रस्ता त्यातून दिसतो. तुझ्या एस्टीचे गज, फाटकी सीट, 'हात बाहेर काढू नये', सगळं येऊ दे. हलण्याचंही तसंच. रघू राय यांचा १९९५ चा चर्चगेटचा फोटो शोधून बघ, गर्दी पार वाहून गेल्यासारखी पुसट आणि मधे एक माणूस पेपर वाचत स्थिर. फोन बाकड्यावर घट्ट टेकव, शटर अर्धा सेकंद ठेव, स्वारगेटला संध्याकाळी करून बघ, वीस फोटोंत एखादा येईल. दारात लटकून मात्र काही काढायचं नाही, ट्रेनच्या पायरीवर उभं राहून प्रवास करणं हा गुन्हा आहे आणि गुन्हा नसता तरी नाहीच सांगितलं असतं.

प्रश्न : प्लॅटफॉर्मवर झोपलेल्या लोकांचे, फेरीवाल्यांचे फोटो काढताना अवघडल्यासारखं होतं. विचारून काढले तर ते पोझ देतात. आणि विमानतळावर चालतं का? (पुण्याच्या वाचक)

उत्तर : अवघडल्यासारखं होतंय हे चांगलंच आहे. माझा हिशोब असा की जो जागा आहे त्याला विचारता येतं, झोपलेल्याला येत नाही, म्हणून झोपलेल्याचा चेहरा घ्यायचा नाही. उशाशी ठेवलेली पिशवी, पायाला बांधलेली बॅगची दोरी, रांगेतल्या चपला, त्यातून सगळं कळतं. फेरीवाल्याकडून आधी काहीतरी घ्या, दोन शब्द बोला, मग विचारा. पोझ देतील तर देऊ द्या, तो एक काढा, त्याला दाखवा, त्याला हसू येतं आणि तो परत कामाला लागतो, मग तुमचा फोटो. लहान मुलांचे आई-बाबांना विचारल्याशिवाय नकोच, फेसबुकवर टाकायचा असेल तर तेही आधीच सांगा. स्टेशनवर आरपीएफवाल्याने नको म्हटलं की वाद घालू नका, फोन पर्समध्ये.

विमानतळाचं तुम्हाला जास्तच जपून, कारण लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे आणि गोव्याला दाबोळीला उतरलात तर तो नौदलाचा. विमान जमिनीवर असताना, उडताना, उतरताना खिडकीतून फोटो नको, सूचनाही देतात, ऐकत कुणी नाही ते सोडा. टर्मिनलच्या आत मनाईची पाटी नसेल तिथे बोर्डिंगची वाट बघत पेंगणारी आपलीच माणसं काढा, आणि चहाच्या कपाचा बिलासकट एक काढा, तेवढे पैसे दिले हे घरी कुणाला खरं वाटणार नाही.