व्हॅक्यूमची नळी बंद करू नका

तुम्ही विचारलंय, ‘जुन्या पेट्रोल ॲम्बॅसेडरच्या डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्यूम युनिट बसवायचंय, पण मेकॅनिक म्हणतो नळी बंद करून टाका, काही फरक पडत नाही. काय करू?’

बसवा. डिस्ट्रिब्युटर प्लगना वेळेवर ठिणगी पाठवतो; व्हॅक्यूम युनिट नळीतून येणाऱ्या इंजिनच्या ओढीवर ती ठिणगी थोडी आधी पाडतं. ‘काही फरक पडत नाही’ हे मी आमच्या घरात वीस वर्षं ऐकलंय, म्हणून लिहितोय.

गाडी बाबांची, १४८९ सीसी. एकदा ती मिसिंग करायला (ठिणगी चुकून झटके द्यायला) लागली, तेव्हा मामा तिला ओळखीच्या गॅरेजमध्ये घेऊन गेले. तिथल्या माणसाने व्हॅक्यूमची नळी काढून तिच्या तोंडात स्क्रू घातला. मिसिंग थांबलं. मामांनी दिवे घाट चढवून दाखवला, गाडी पूर्वीसारखीच ओढत होती. ‘बघा दाजी, उगाच लावलेली नळी!’ मग पेट्रोल जास्त जायला लागलं आणि त्याचं खापर बाबांवर फुटलं. ‘दाजी क्लचवर पाय ठेवून चालवतात,’ दर दिवाळीला मामांचं हेच. बाबा उलटून बोलले नाहीत. मी शेजारी बसायचो, त्यांचा पाय क्लचवर कधीच नसायचा.

बाबा गेल्यावर गाडी माझ्याकडे आली. युनिट जुन्या बाजारात मिळालं, रविवारी. नळीच्या टोकाला तोंड लावून हवा ओढायची आणि जीभ दाबून धरायची. दांडी आत जाऊन तिथेच थांबली तर डायफ्राम, म्हणजे आतला पडदा, शाबूत. तीन फाटके निघाले, चौथा थांबला. बसवला, आणि स्वारगेटपर्यंत जातोय तोच मिसिंग सुरू!

घरी येऊन डिस्ट्रिब्युटरची कॅप काढली, पुन्हा तोंडाने हवा ओढली आणि पॉइंटची (ठिणगीसाठी करंट तोडणाऱ्या संपर्काची) प्लेट सरकताना नीट बघितली. प्लेटला अर्थिंग देणारी विणलेली बारीक वायर दोन तारांवर लोंबत होती. प्लेट जागेवर असली की ती टेकायची, सरकली की सुटायची. नळी बंद केल्यावर प्लेट हलायचीच थांबली, म्हणून मिसिंग गेलं होतं. दोष वायरचा, शिक्षा नळीला. मी तिथे मऊ विणलेली वायर डाग देऊन जोडली. कडक वायर टाकू नका, ती प्लेटला अडवते.

आणि घाटाचा पुरावा पुरावाच नाही. ॲक्सिलरेटरचं पेडल पूर्ण दाबलेलं असताना व्हॅक्यूम जवळजवळ नसतो, युनिट तेव्हा गप्पच बसतं. त्याचं काम सासवड ते जेजुरी सपाट रस्त्यावर, पाव पेडलवर. तेव्हा सिलिंडरमध्ये मिश्रण कमी भरतं, सावकाश जळतं, म्हणून ठिणगी आधी पडावी लागते. माझं ॲव्हरेज साडेआठवरून दहावर गेलं. मामांना मी हे सगळं वायर हातात ठेवून सांगितलं.

बसवायचं म्हणाल तर: प्लेटच्या खुंटीवरून युनिटची स्प्रिंग सोडा, ॲडजस्टिंग नटाच्या टोकाची सर्क्लिप (अडकवलेली कडी) काढा, नट फिरवून युनिट मोकळं करा. नटाखाली दोन छोट्या स्प्रिंगा असतात, त्या उडतात. खाली फडकं अंथरा. नवीन युनिट उलट्या क्रमाने. नळी कार्बोरेटरच्या बारीक टोकाला, इंजिनकडे मिश्रण नेणाऱ्या मॅनिफोल्डला नाही. टायमिंग (ठिणगीची वेळ) लावताना नळी काढून ठेवा.

युनिटवर तीन आकडे असतात: किती इंच पाऱ्याला (व्हॅक्यूमचं माप) ओढ सुरू, कितीला पूर्ण, आणि डिस्ट्रिब्युटरचे जास्तीत जास्त अंश. शेवटचा ८ असेल तर क्रँकवर (इंजिनच्या मुख्य दांड्यावर) १६, कारण डिस्ट्रिब्युटर निम्म्या वेगाने फिरतो. मिळेल ते बसवू नका, जुन्यावरचे आकडे जुळवा. डिस्ट्रिब्युटरच्या आत वेग वाढला की ठिणगी आधी पाडणारी वजनं असतात; त्यांच्या स्प्रिंगा ढिल्या असतील तर आधी त्या बघा, नाहीतर इंजिन खटखटेल आणि आळ पुन्हा युनिटवर येईल.

नळी बंद करायला सांगण्याआधी तुमची गाडी मिसिंग करत होती का? करत असेल तर आज कॅप उघडून ती वायर बघा.