प्रोग्रॅमिंगची दीडशे कोडी सोडवली, तरी नवीन कोडं दिसलं की हात थांबतो. मी सांगलीत इंजिनिअरिंगला आहे. रोज किती सोडवावीत?

दीडशे ‘सोडवली’ म्हणजे नेमकं काय? स्वतः सुचली, की वीस मिनिटांनी उत्तर उघडून तेच टाइप केलं? दुसरं असेल, तर आकडा पाचशेवर नेला तरी हात थांबणारच. क्लासवाले भिंतीवर हेच आकडे लावतात आणि माझं त्यांच्याशी भांडण आहे ते इथंच.

एक कोडं घ्या. मार्केट यार्डात सौद्याला हळदीची पोती आलीत, प्रत्येकाचं वजन पूर्ण किलोत दिलंय. मिळून बरोबर १०० किलो भरतील अशी दोन पोती आहेत का? पोती एक लाखापर्यंत. दोन लूप लावून प्रत्येक जोडी तपासली तर जोड्या होतात जवळपास ५०० कोटी. सी++ सेकंदाला ढोबळमानानं १० कोटी साध्या क्रिया उरकतं असं धरा. वेळ मिळतो एक-दोन सेकंद. म्हणून हॅशमॅप, म्हणजे येऊन गेलेली वजनं टिपणारी आणि हवं ते लगेच सापडणारी नोंदवही: ५३ चं पोतं आलं की ४७ चं येऊन गेलंय का ते पाहायचं.

इथवर सगळ्यांना येतं. गोम पुढं आहे. बरेच जण आधी सगळी वजनं मॅपमध्ये भरतात, मग शोधत बसतात. यादीत ५० किलोचं एकच पोतं असलं, की ते स्वतःशीच जोडी जमवतं आणि उत्तर येतं ‘आहे’. मग घाईनं अट घालतात, की दोन्ही वजनं सारखी नकोत. आता ५० ची खरोखर दोन पोती असली तरी उत्तर ‘नाही’! दुरुस्ती एवढीच: प्रत्येक पोत्याला आधी तपासा, मग मॅपमध्ये भरा.

पण ही दुरुस्ती पाठ करून काही उपयोग नाही, चूक हुडकायला शिका. दोन लूपवाला हळू प्रोग्रॅम टाकून देऊ नका. रँडम यादी बनवा: पोती १ ते ६, वजनं ४८ ते ५२. दोन्ही प्रोग्रॅम हजार वेळा चालवा आणि उत्तरं जुळली नाहीत की तिथंच थांबा. एकटं ५० काही क्षणांत समोर येतं. वजनं १ ते एक लाख घेतलीत तर हीच चूक बहुधा दिसणारच नाही. म्हणून आकडे मुद्दाम लहान.

कोड तपासणाऱ्या साइटकडून ‘राँग आन्सर’ (उत्तर चूक) आल्यावर हे न करता उत्तर उघडलंत, तर ते कोडं मोजूच नका.

कोड लिहिण्याआधी कोड्यात दिलेल्या मर्यादा वाचा. २० वस्तू असतील तर सगळे उपसंच तपासता येतात, ते साडेदहा लाखांच्या आतच आहेत. एक लाख असतील तर सॉर्ट (क्रमानं लावणं), हॅशमॅप किंवा बायनरी सर्च (क्रमवार यादीत दर वेळी अर्धा भाग सोडून शोधणं). बेरीज २१४ कोटींच्या पुढं जाणार असेल तर साधा इंट (पूर्णांक ठेवायचा नेहमीचा प्रकार) पुरत नाही. याला किरकोळ समजू नका: जावाच्या स्वतःच्या लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्ये मधला क्रमांक काढताना यादी फार मोठी असली की दोन टोकांची बेरीज इंटमध्ये मावत नव्हती आणि ते २००६ साली उघड झालं, तोवर कित्येक वर्षं कोड बिनबोभाट चालू होता.

रोज किती? एक. तेही आठवड्यातून चार दिवस. उरलेल्या दिवसांत दहा दिवसांपूर्वीचं एखादं कोऱ्या फाइलवर पुन्हा लिहा.

हो, पायथॉनमध्ये लिहीत असाल तर इंटचं सोडा, तिथं पूर्णांक हवे तेवढे मोठे होतात. मात्र सेकंदाला १० कोटी क्रियांऐवजी एखादी कोटीच धरा. आणि कॅम्पस भरती महिन्यावर आली असेल तर माझं हे सगळं बाजूला ठेवून घड्याळ लावून जुने पेपर सोडवा. दुसऱ्याचा कोड वाचणं, गिट (कोडमधले बदल नोंदवणारं साधन), डेटाबेस यातलं काहीही कोड्यांतून येत नाही, ते वेगळंच शिकावं लागतं. एवढ्यापुरतं कोड्यांना नावं ठेवणाऱ्यांचं बरोबर आहे.